आपत्तीच्या वेळी शहर कोण चालवते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आम्ही शहरांच्या आपत्कालीन व्यवस्थेविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. पूर, आग, भूकंप, स्फोट किंवा उष्णतेची लाट आल्यावर शहराचे प्रशासन नेमके काय करते आणि ते कोण ठरवते, ही शंका बहुतेक पत्रांत या ना त्या रूपाने आली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आठ प्रश्न येथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे थोडक्यात आटोपले असते तर विचारणाऱ्याच्या हाती काहीच पडले नसते.

प्रश्न : मोठी दुर्घटना घडली की महापौर, आयुक्त, पोलीस प्रमुख, अग्निशमन प्रमुख असे सगळेच घटनास्थळी पोहोचतात आणि प्रत्येक जण काही ना काही हुकूम देत असतो. अशा वेळी खरा अधिकार कोणाचा? (एक निवृत्त बँक कर्मचारी)

हे जर आपत्तीच्या दिवशी ठरवावे लागत असेल, तर त्या शहराची तयारी झालेली नाही असे खुशाल समजावे. बोटी, शिड्या आणि रुग्णवाहिका यांची मोजदाद नंतर करावी. कोणता निर्णय कोणी घ्यायचा, तो अधिकारी उपलब्ध नसेल तर त्याच्या जागी कोण आणि त्याचा शब्द कोणाकोणावर बंधनकारक, एवढे लेखी ठरलेले आहे का, हे आधी पाहावे.

या बाबतीतला मोठा धडा मिळाला तो वणव्यांतून. १९७० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तेरा दिवस वणवे पेटत राहिले, १६ माणसे दगावली आणि ७०० हून अधिक इमारती जळाल्या. अनेक ठिकाणची दले मदतीला धावून आली होती. मात्र नंतर सगळा घटनाक्रम तपासला तेव्हा आढळले की एकेका अधिकाऱ्याकडे एकाच वेळी कितीतरी माणसे थेट विचारणा करत होती, निरनिराळ्या दलांचे वायरलेस एकमेकांशी जुळत नव्हते, एकाच साधनाला प्रत्येक दल वेगळे नाव देत होते आणि सर्वांनी मिळून मान्य केलेली अशी एकही योजना नव्हती. या अनुभवातून जी पद्धत आकाराला आली तिला ‘इन्सिडंट कमांड सिस्टीम’ म्हणतात आणि आज अनेक देशांतील शहरे तिच्यावर बेतलेली रचना वापरतात. तिच्यात घटनास्थळाचा एक प्रमुख असतो आणि त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कारवाई, नियोजन, पुरवठा आणि हिशेब अशा चार शाखा असतात. एका माणसाने साधारण तीन ते सात जणांनाच, शक्यतो पाच जणांनाच, थेट आदेश द्यावेत असा तिचा दंडक आहे, कारण गोंधळात माणसाचे लक्ष यापेक्षा अधिक जणांवर टिकत नाही.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचा नियम हुद्द्याविषयीचा आहे. घटनास्थळी जो सक्षम अधिकारी प्रथम पोहोचतो तो प्रमुख ठरतो, मग तो कितीही कनिष्ठ असो. त्याच्यापेक्षा वरिष्ठ अधिकारी आला म्हणून अधिकार आपोआप त्याच्याकडे जात नाही. परिस्थिती समजून घेऊन, ‘आता सूत्रे माझ्याकडे’ असे स्पष्ट शब्दांत सांगून आणि सर्वांना कळवूनच ती घ्यावी लागतात. आपण वर्णन केलेला प्रसंग, म्हणजे सगळेच उपस्थित आणि सगळेच बोलत आहेत असा, हा साधा नियम पाळला तर बराचसा टळतो.

महापौर किंवा आयुक्त यांचे काम याहून वेगळे आणि तितकेच जड असते. आणीबाणी जाहीर करणे, वस्ती रिकामी करण्याचा आदेश देणे, शेजारच्या शहरांकडे किंवा वरच्या सरकारकडे मदत मागणे, पैसा मोकळा करणे आणि नागरिकांशी खरे बोलणे, ही कामे त्यांच्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही. शिडी कोणत्या खिडकीला लावायची, हे मात्र त्यांनी सांगू नये. ब्रिटनमध्ये या पातळ्यांना सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी नावे आहेत. सुवर्ण पातळीवर धोरण ठरते, रौप्य पातळीवर डावपेच ठरतात आणि कांस्य पातळीवर प्रत्यक्ष काम होते.

कायद्याने अधिकार कोणाला दिला आहे, याचे उत्तर देशागणिक बदलते. जपानमध्ये १९६१ च्या आपत्ती प्रतिबंधक मूलभूत कायद्याने वस्ती हलवण्याचा आदेश देण्याचे अधिकार शहराच्या किंवा गावाच्या प्रमुखाला दिले आहेत. त्याच्या दोनच वर्षे आधी आलेल्या चक्रीवादळाने पाच हजारांहून अधिक बळी घेतले होते. ब्रिटनच्या २००४ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाला पोलीस, अग्निशमन आणि आरोग्य यंत्रणा यांच्या बरोबरीने पहिल्या फळीत उभे केले. भारतात २००५ च्या कायद्याने जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण निर्माण केले आणि महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांवर स्वतंत्र कर्तव्ये सोपवली. कायदा कोणताही असो, प्रत्येक महत्त्वाच्या पदासाठी ओळीने तीन नावे ठरलेली असावीत, अशी माझी शिफारस आहे. पहिला परगावी असतो, दुसऱ्याच्या घराभोवती पाणी चढलेले असते, आणि तिसऱ्याला आपले नाव त्या यादीत आहे हे निदान ठाऊक तरी असायला हवे.

प्रश्न : आपत्कालीन नियंत्रण कक्षाची छायाचित्रे पाहिली की मोठमोठे पडदे आणि दूरध्वनी दिसतात. तेथे प्रत्यक्षात काय काम चालते? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

आपल्यासारखाच बऱ्याच जणांचा समज असतो की या कक्षातून घटनास्थळावरच्या जवानांना आदेश दिले जातात. तसे नसते, निदान नसावे. आग विझवणे घटनास्थळाच्या प्रमुखाकडे असते. त्या आगीमुळे उरलेल्या शहरावर जे ओढवते, ते कक्षाकडे येते. कोणते रस्ते बंद करायचे, कोणत्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत, घराबाहेर पडलेल्या माणसांची रात्रीची सोय कोठे करायची, बसगाड्या कोठून मिळतील, पाण्याचा दाब कोणत्या भागातून वळवायचा आणि दमलेल्या जवानांची पाळी कधी बदलायची, हे प्रश्न तेथे सुटतात. चांगल्या कक्षात एक गट तर चालू घडामोडींत लक्षच घालत नाही. पुढच्या बारा तासांत काय लागेल याचाच तो विचार करतो.

म्हणून कक्षात कोण बसते, याला पडद्यांपेक्षा अधिक महत्त्व आहे. पाणीपुरवठा, वीज, वाहतूक, आरोग्य, पोलीस अशा प्रत्येक खात्याचा जो प्रतिनिधी तेथे येतो, त्याला आपल्या खात्याच्या वतीने जागच्या जागी ‘हो’ म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे. ‘साहेबांना विचारून सांगतो’ एवढेच म्हणू शकणारा माणूस पाठवला, तर ते खाते गैरहजर आहे असेच धरावे.

न्यूयॉर्क शहराचा कक्ष जागतिक व्यापार केंद्राच्या परिसरातील सात क्रमांकाच्या इमारतीत, तेविसाव्या मजल्यावर होता आणि तो १९९९ मध्ये सुरू झाला होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी तो रिकामा करावा लागला आणि संध्याकाळी ती इमारतच कोसळली. ज्या दिवसासाठी कक्ष उभारला त्याच दिवशी तो नाहीसा झाला. तरीही दोन-तीन दिवसांत हडसन नदीच्या ब्याण्णव क्रमांकाच्या धक्क्यावर नवा कक्ष उभा राहून काम करू लागला. त्या धक्क्यावर १२ सप्टेंबरला औषधवाटपाचा एक मोठा सराव व्हायचा होता, त्यामुळे जागा आधीच पाहून ठेवलेली होती, आणि निरनिराळ्या खात्यांतील माणसे पूर्वीच्या सरावांमुळे एकमेकांना चेहऱ्याने आणि नावाने ओळखत होती. नव्या जागेत टेबले मांडता आली ती या ओळखीच्या बळावर.

या घटनेवरून पर्यायी कक्ष असावा हे सर्वांना पटते, पण तो त्याच धोक्याच्या टप्प्यात नसावा हे पुष्कळदा विसरले जाते. २०१२ मध्ये सॅंडी वादळाच्या पुराचे पाणी न्यूयॉर्कमधील रुग्णालयांत शिरले तेव्हा बेलव्ह्यू रुग्णालयातील जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. त्यांना इंधन पुरवणारे पंप मात्र तळघरात होते. पंप पाण्याखाली गेल्यावर कर्मचाऱ्यांनी आणि सैनिकांनी जिन्यावर साखळी करून हातांनी तेरा मजले इंधन वर चढवले आणि अखेरीस रुग्णालय रिकामे करावे लागले. एखाद्या शहराचा आराखडा तपासायचा झाला तर मी पहिल्या तासातच जनरेटरची टाकी आणि तिचा पंप पाहायला जाईन.

प्रश्न : मदतीसाठी एकच क्रमांक असला की सगळी दले एकदम कामाला लागतात, असे आम्ही समजतो. हे बरोबर आहे का? (एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव)

अर्धे बरोबर आहे. १९३५ साली लंडनमध्ये एका घराला आग लागून पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला होता, पण त्याचा फोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकून पडला. त्या प्रकरणानंतर चौकशी झाली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ वरचा पहिला फोन १९६८ मध्ये झाला. नागरिकाने कोणाला हाक मारायची हा प्रश्न अशा क्रमांकांनी सोडवला. हाक ऐकणाऱ्यांनी एकमेकांशी कसे बोलायचे, हा प्रश्न मात्र त्यानंतरही उरतोच.

इंग्लंडमधील मॅंचेस्टर शहरात २२ मे २०१७ रोजी रात्री एका सभागृहाबाहेर आत्मघाती स्फोट झाला आणि २२ जणांचा बळी गेला. सर्वांत जवळचे अग्निशमन केंद्र अर्ध्या मैलावर होते, पण अग्निशमन दल घटनास्थळी पोहोचले ते दोन तासांहून अधिक वेळाने. जवानांत धैर्याची उणीव नव्हती, आणि पुढे निघण्याची परवानगी मिळत नाही म्हणून ते तळमळत होते. बंदूकधारी हल्लेखोर मोकळे फिरत असावेत या शंकेने पोलिसांनी एक विशेष कार्यपद्धती लागू केली, पण ती लागू झाल्याचे इतर दलांना कळवले गेले नाही. पोलिसांच्या बाजूने समन्वयाचे जवळपास सगळे काम पाळीवरच्या एकाच अधिकाऱ्यावर होते आणि त्याचा फोन सतत व्यस्त लागत होता. संपर्क होत नाही म्हणून अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने आपल्या गाड्या सुमारे तीन मैलांवरच्या केंद्रात जमवल्या. पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांच्या प्रमुखांनी एकाच जागी, एकमेकांसमोर उभे राहून परिस्थिती समजून घ्यायची असते. त्या रात्री ती भेट वेळेवर झालीच नाही.

न्यूयॉर्कमध्येही २००१ साली पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उत्तरेकडील मनोऱ्याची अवस्था दिसत होती आणि तो कोसळेल असा इशारा पोलिसांच्या वायरलेसवर दिला गेला होता. अग्निशमन दलाचा वायरलेस वेगळा होता आणि तो इशारा त्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला नाही. त्या दिवशी दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. प्रत्येकाचा जीव त्या एका निरोपाने वाचला असता असे म्हणता येणार नाही, पण तो निरोप त्यांना मिळायलाच हवा होता.

प्रश्न : आमच्या शाळेत वर्षातून एकदा घंटा वाजते, मुले मैदानात जातात, फोटो काढले जातात आणि अहवाल पाठवला जातो. अशा सरावाचा काही उपयोग होतो का? (शिक्षिका)

आपण ज्या सरावाचे वर्णन केले आहे त्याचा उपयोग एवढाच की मुलांच्या पायांना मैदानाची वाट कळते. तेवढ्यालाही मी कमी लेखणार नाही. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी अकरा वाजता, १९८५ च्या भूकंपाच्या स्मरणदिनी, नेहमीप्रमाणे शहरभर सराव झाला. दुपारी सव्वाच्या सुमारास ७.१ तीव्रतेचा खरा भूकंप झाला. त्याचे केंद्र शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवरच होते, त्यामुळे धोक्याचा भोंगा आणि हादरे जवळजवळ एकाच वेळी आले आणि विचार करायला सवड अशी राहिली नाही. अशा क्षणी शरीराला ठाऊक असलेली वाट कामी येते.

शहराच्या यंत्रणेचा सराव मात्र एवढ्यावर थांबून चालत नाही. त्याचा हेतू चूक सापडावी हा असतो आणि ज्या सरावात काहीच चुकले नाही त्याची आखणीच सोपी होती असे मानावे. एखाद्या सरावात ऐन वेळी ‘मुख्य अधिकारी जखमी आहेत’ असे जाहीर करावे, दुसऱ्यात मोबाइल बंद ठेवायला सांगावे, तिसरा रात्री दोन वाजता, कोणालाही न कळवता घ्यावा. टेबलाभोवती बसून केवळ बोलून केलेला सरावही फार उपयोगी असतो, कारण त्यात खर्च नसतो आणि ‘हे तर तुमचे खाते करणार होते ना?’ असा प्रश्न हमखास निघतो.

सरावात सापडलेली चूक दुरुस्त झाली की नाही, याचा पाठपुरावा हा या सगळ्यातला सर्वांत दुबळा दुवा आहे. वर सांगितलेल्या मॅंचेस्टरच्या घटनेत एकाच पोलीस अधिकाऱ्यावर असह्य भार पडेल, हे आधीच्या सरावांत दिसून आले होते. तरी ती रचना तशीच राहिली. अहवालातील प्रत्येक त्रुटीपुढे एका अधिकाऱ्याचे नाव आणि एक तारीख असावी आणि ती तारीख उलटल्यावर लोकप्रतिनिधींनी सभागृहात त्याचा जाब विचारावा. आपल्या शाळेपुरते सांगायचे तर पुढच्या वेळी नेहमीचा जिना बंद आहे असे घोषित करून पाहा आणि काय होते ते अहवालात जसेच्या तसे लिहा.

प्रश्न : माझी आई ८१ वर्षांची आहे, तिला चालता येत नाही आणि ऐकूही कमी येते. मी दिवसभर कामावर असते. संकट आले तर शहराच्या आराखड्यात तिच्यासाठी काही असते का? (एक वाचक)

आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. शहराने केलेल्या तयारीची कसोटी खरे तर आपल्या आईसारख्या माणसांपाशीच लागते. बहुतेक आराखडे धडधाकट, ऐकू येणाऱ्या, खिशात पैसे आणि दारात गाडी असलेल्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिले जातात आणि आपत्तीत मृत्यू येतो तो बहुधा इतरांना.

शिकागोमध्ये जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा एका आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ अधिक मृत्यू झाले. मृतांमध्ये वृद्धांचे प्रमाण मोठे होते आणि त्यांतील पुष्कळ जण एकटे राहणारे होते. अनेक जण बंद खोल्यांत सापडले. लाट ओसरत येईपर्यंत शहराने आणीबाणीचा इशाराच दिला नव्हता. चारच वर्षांनी, १९९९ मध्ये, पुन्हा तीव्र उष्मा झाला. त्या वेळी शहराने लवकर इशारा दिला, थंडाव्याची केंद्रे उघडली, तेथे जाण्यासाठी बसची सोय केली आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारापर्यंत पोलीस आणि कर्मचारी पाठवले. मृत्यू तेव्हाही झाले, पण फार कमी. अहमदाबादेत मे २०१० मधील उष्म्यात सुमारे १३०० अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले आणि २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा लागू केला. तापमानाचा अंदाज ४५ अंशांवर गेला की लाल इशारा, आणि त्या इशाऱ्याबरोबर कोणत्या खात्याने काय करायचे, हे त्यात आधीच नोंदलेले आहे. लाट आल्यावर बैठक बोलावण्याची गरज राहत नाही, ही त्याची खरी ताकद आहे.

वस्ती हलवायची वेळ येते तेव्हा हा प्रश्न अधिक बिकट होतो. न्यू ऑर्लिन्स शहरात २००५ मध्ये कॅटरिना वादळापूर्वी शहर सोडण्याचा आदेश निघाला, पण ज्यांच्याकडे गाडीच नाही अशी हजारो कुटुंबे मागे राहिली. काही जण पाळीव प्राण्यांना सोडून जायला तयार नव्हते म्हणूनही राहिले. त्यानंतर त्या शहराने गाडी नसलेल्यांना बाहेर काढण्याची स्वतंत्र योजना केली. सतरा ठिकाणी हात उंचावून गाडीला थांबवणाऱ्या माणसाच्या आकृतीची उंच धातूशिल्पे उभी आहेत आणि आदेश निघाला की त्यांच्यापाशी जाऊन थांबायचे, बस तेथे येईल, असे ठरलेले आहे. रोज येता-जाता दिसणारी ती खूण पत्रकापेक्षा नक्कीच अधिक लक्षात राहते. पण तेथवर जाऊ न शकणाऱ्या आपल्या आईचे काय, हा प्रश्न उरतो.

याबाबतीत जपानचे पाऊल मला सर्वांत विचारपूर्वक वाटते. २०११ च्या त्सुनामीतील निम्म्याहून अधिक मृत साठ किंवा त्याहून अधिक वयाचे होते. २०१३ मध्ये कायद्यात बदल करून स्थानिक प्रशासनांवर अशा व्यक्तींची यादी तयार करण्याचे बंधन घालण्यात आले. २०२१ मधील बदलाने त्याच्या पुढे जाऊन, प्रत्येक व्यक्तीसाठी ‘हिला कोण, कोठे आणि कसे नेणार’ असा स्वतंत्र आराखडा करण्याचे प्रयत्न प्रशासनांनी करावेत, असे सांगितले. नुसती यादी जुनी होते. पत्ते बदलतात, माणसे जातात, आणि खासगी माहिती कोणाला द्यावी याचा पेच पडतो. नावापुढे मदत करणाऱ्याचेही नाव लिहिलेले असले तर ती यादी कामाची ठरते. घरी येणारी परिचारिका, औषधे पोहोचवणारा दुकानदार आणि त्याच मजल्यावरचा शेजारी यांना शहराच्या आराखड्यात जागा दिली पाहिजे, कारण ते आपल्या आईला आधीपासून ओळखतात.

आपण आजच करण्यासारखे काही आहे. आपल्या शहरात अशी नोंद होत असेल तर आईचे नाव द्या, होत नसेल तर लेखी मागणी करा आणि लेखी उत्तर घ्या. दोन शेजाऱ्यांना स्पष्ट शब्दांत विनंती करा. एक पुरेसा नाही, कारण तोही बाहेर असू शकतो. औषधांची यादी, रक्तगट, ‘ऐकू कमी येते’ ही सूचना आणि आपला क्रमांक एका कागदावर लिहून तो दाराच्या आतल्या बाजूला लावा. आईला उचलून जिन्यावरून कसे न्यायचे, हे एकदा अग्निशमन केंद्रात जाऊन विचारून या.

प्रश्न : इशाऱ्यांची भाषा इतकी गोंधळाची का असते? (एक वाचक)

ते लिहिणारे बहुधा आपल्या जबाबदारीचा विचार करून लिहितात आणि वाचणाऱ्याला मात्र फक्त ‘मी आता काय करू?’ एवढेच हवे असते. जपानमध्ये वस्ती हलवण्याची ‘शिफारस’ आणि ‘आदेश’ असे दोन वेगळे शब्द वापरात होते. पुष्कळ लोक शिफारस ऐकून आदेशाची वाट पाहत थांबत आणि तोपर्यंत पाणी चढत असे. २०२१ मध्ये शिफारस हा शब्द काढून टाकून एकच ‘आदेश’ ठेवण्यात आला. इशाऱ्यात कोठे, काय, केव्हापर्यंत आणि कोण सांगत आहे, एवढे असावे, आणि त्याचा मसुदा शांत दिवशी, शहरात बोलल्या जाणाऱ्या सर्व भाषांत लिहून ठेवावा. इशारा रद्द करणारा मसुदाही तयार असावा. हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ रोजी क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा संदेश सर्वांच्या मोबाइलवर गेला आणि तो चुकीचा होता हे सांगणारा संदेश त्याच मार्गाने जायला ३८ मिनिटे लागली. असा संदेश कोणी लिहूनच ठेवला नव्हता.

प्रश्न : आपत्तीच्या नावाखाली निविदा न काढता खर्च होतो. याला आळा कसा घालायचा? (करदाता)

आपली शंका रास्त आहे, पण आपत्तीच्या दिवशी निविदा काढता येत नाहीत हेही खरे आहे. म्हणून त्या आधीच काढाव्यात. ढिगारा उचलणे, पंप भाड्याने घेणे, बस पुरवणे, तात्पुरता निवारा उभारणे यांचे दर आणि कंत्राटे दरवर्षी उघड स्पर्धेतून ठरवून ठेवता येतात आणि गरज पडली तरच ती वापरायची असतात. शेजारच्या शहरांशी परस्पर मदतीचे करार करताना इंधन, भत्ते आणि नुकसानभरपाई कोणी द्यायची हेही लिहावे. वर सांगितलेल्या रचनेत हिशेबाची शाखा असते ती याचसाठी. कोणाच्या सांगण्यावरून, किती वाजता, काय मागवले याची नोंद त्याच वेळी झाली तर नंतर तपासणी करता येते, आणि महिन्याभराने आठवून लिहिलेल्या नोंदींवर कोणत्याही लेखापरीक्षकाने विश्वास ठेवू नये.

प्रश्न : संकटात धावून जावेसे वाटते, पण पोलीस आम्हाला दूर लोटतात. आमच्यासारख्यांना व्यवस्थेत जागा आहे की नाही? (तरुण मंडळाचा कार्यकर्ता)

जागा आहे आणि ती फार मोठी आहे. जपानमधील कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे भूकंप झाला तेव्हा कोसळलेल्या घरांखाली सुमारे ३५ हजार माणसे अडकली होती, असा अंदाज आहे. त्यांतील सुमारे २७ हजारांना बाहेर काढले ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. अग्निशमन दल, पोलीस आणि सैनिक यांच्या वाट्याला उरलेले आले. एवढ्या ठिकाणी एकाच वेळी पोहोचेल इतके मोठे दल जगातील कोणतेही शहर पोसू शकत नाही. तेव्हा पहिल्या काही तासांत नागरिकच बचाव करणार, हे गृहीत धरूनच आराखडा लिहावा लागतो.

आपल्याला दूर लोटण्यामागेही एक कारण आहे आणि ते समजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मेक्सिको सिटीत १९८५ च्या भूकंपानंतर स्वयंसेवकांनी ८०० हून अधिक लोकांना जिवंत बाहेर काढले, पण ते करताना प्रशिक्षण नसलेले सुमारे शंभर स्वयंसेवक स्वतःच मृत्युमुखी पडले. त्यांचे धैर्य पाहून आणि त्यांचे मृत्यू पाहून अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला. वायूचा मुख्य कॉक बंद करणे, लहान आग विझवणे, रक्तस्राव थांबवणे, जखमींची निकड पाहून क्रम लावणे आणि धोकादायक इमारतीत न शिरणे, या गोष्टी त्यात शिकवल्या जातात. पुढे तो कार्यक्रम देशभर पसरला.

कोबेत पहिल्या वर्षात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले आणि त्यांना काम कोणी वाटून द्यायचे याचे उत्तर सुरुवातीला कोणाकडेच नव्हते. आता जपानमध्ये आपत्तीनंतर स्थानिक समाजकल्याण परिषदा स्वयंसेवक केंद्र उघडतात. तेथे नाव नोंदवायचे, विमा आहे का ते सांगायचे, आणि ज्या घराने मदत मागितली आहे तेथील चिठ्ठी घेऊन गटाने निघायचे, अशी पद्धत आहे.

आपल्या मंडळाने संकट येण्यापूर्वीच वॉर्ड कार्यालयात आणि अग्निशमन केंद्रात जाऊन आपली माणसे, त्यांना येणारी कामे, आपल्याकडची वाहने आणि एकाच संपर्क व्यक्तीचा क्रमांक लेखी द्यावा. प्रशिक्षणाची मागणी त्याच अर्जात करावी. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकदम जाऊ नये. निम्मी माणसे राखून ठेवावीत, कारण तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा इतर जण परतलेले असतात, तेव्हाही एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातला चिखल काढायचा राहिलेला असतो आणि त्यांच्याकडे फावडे धरायला कोणी नसते.